नाशिकहून गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे स्मारक बघायला जायचंय? असं जा

सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, रिझर्वेशन आधीच करून ठेवा नाहीतर कसाऱ्यापर्यंत उभंच राहावं लागतं. उतरता तेच सीएसएमटी, २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात गोळीबार झाला तेच स्टेशन, त्यामुळे लगेच बाहेर पळू नका, जरा थांबा.

मग टॅक्सीने चर्चगेट, तिथून स्लो लोकलने चर्नी रोड, पश्चिमेला उतरून पूल ओलांडला की समोर समुद्रच. तिथून चौपाटीच्या कडेने मलबार हिलच्या बाजूला चालत राहा, कुणालाही ओंबळेंचा पुतळा विचारा, सांगतील.

पोरं सोबत असतील तर जायच्या आधीच सांगून ठेवा की ओंबळे साताऱ्याकडचे, पोलिसात एएसआय (सहायक उपनिरीक्षक) होते, हातात फक्त लाठी, आणि दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी त्यांनी धरली ती गोळ्या लागल्या तरी सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

सेल्फी काढायचाच तर हसत नको प्लीज. २६ नोव्हेंबरला गेलात तर गर्दी, बंदोबस्त धरून चला, निवांत बघायचं असेल तर दुसरा दिवस बरा. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, तिथला वारा छत्री उलटी करतो. भेळ नंतर खा.