किराण्याचे दर ॲपवर कसे ताडून पाहावेत

सर्वप्रथम महिन्याची यादी वजनांसह लिहून काढावी आणि कोणत्या वस्तूचा ब्रँड बदलला तरी चालेल, याचीही तिच्यात नोंद करावी. यादी हाताशी नसताना ॲप उघडले की सवलतीच्या वस्तू पाहण्यात वेळ जातो आणि गरज नसलेले सामान घरात येते.

त्यानंतर दर ताडून दाखवणाऱ्या ॲपमध्ये आपला अचूक पिनकोड भरावा. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांसारख्या सेवा जवळच्या गोदामातून माल पाठवतात. त्यामुळे एकाच पाकिटाचा दर पुण्यात कोथरूडला एक आणि हडपसरला दुसरा असू शकतो. दर ताडण्यासाठी संपर्कयादी किंवा एसएमएस वाचण्याची परवानगी लागत नाही. ॲपने ती मागितल्यास नाकारावी आणि ओटीपी तर कोणालाही देऊ नये.

खरे काम यापुढे आहे. काट मारलेली छापील किंमत आणि तिच्याशेजारची टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्येक वस्तूचा किलोमागे किंवा १०० ग्रॅममागे पडणारा दर काढावा. खाद्यतेलात तर हे अगदी आवश्यक आहे, कारण एक लिटर सूर्यफूल तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, पण तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत ८५० किंवा ७५० ग्रॅमच तेल असते. समजा, ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमची १४३ रुपयांना. दुसरी सात रुपयांनी स्वस्त दिसते, परंतु १०० ग्रॅममागे पहिलीचा दर सुमारे १६.४८ रुपये आणि दुसरीचा १६.८२ रुपये पडतो, म्हणजे महाग पिशवी दुसरीच ठरते. पाकिटावर छापलेली एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारा दर, ही छापील कमाल किमतीवरून काढलेली असते. सवलतीनंतरचा हिशेब आपणच करावा लागतो.

एकेका वस्तूचे दर पाहून झाले की संपूर्ण यादी दोन-तीन ठिकाणी भरून, पैसे भरण्याच्या पानावरील अंतिम रक्कम पाहावी. एका ठिकाणी सामान ११८० रुपयांचे आणि घरपोच सेवा मोफत असेल, तर दुसरीकडचे ११५० रुपयांचे सामान ३० रुपये पोहोचवणावळ व १२ रुपये हाताळणी शुल्क धरून ११९२ रुपयांना पडते. मोफत घरपोच सेवेची मर्यादा गाठण्यासाठी जादा वस्तू घेतली, तर वाचवलेले पैसे तिच्यातच जातात. माझ्या मते ही तुलना डाळ, तांदूळ, तेल, साखर, चहा आणि साबण अशा टिकाऊ सामानापुरती ठेवावी. पालेभाजी मंडईत हाताने निवडून घेतलेलीच बरी.

सुट्या धान्याचा दर वाण्याकडेही जरूर विचारावा आणि तोही याच हिशेबात किलोमागे मांडावा.

सामान दारात आल्यावर वजन, मुदत आणि छापील कमाल किंमत बिलाशी पडताळून पाहावी. ही किंमत सर्व करांसहित असते. पाकीटबंद वस्तूसाठी तिच्याहून अधिक दर लावला असल्यास बिल व वेष्टन जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.