छाती कमी करायची म्हणून घाम गाळताय? आधी या चुका टाळा

आहार आणि व्यायामाने छाती कमी होते का? उत्तर आधी सांगून टाकते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्या बाईने तो बरीच वर्षं मनात ठेवलेला असतो. होय, आहार आणि व्यायामाने स्तनांचा आकार कमी होऊ शकतो. पण किती होईल, हे आपल्या हातात नाही. एखादीचं आठ किलो वजन उतरतं आणि ब्राचे दोन कप कमी होतात. दुसरीचं तेवढंच उतरतं, गाल बसतात, हातातल्या बांगड्या सैल होतात, छाती मात्र जवळजवळ तशीच राहते. मेहनत दोघींनी सारखीच केलेली असते.

मी गोव्यात, फोंड्याला बायकांचा व्यायामवर्ग घेते. वर्ग संपून सगळ्या निघाल्या की एखादी मागे रेंगाळते, ओढणी सारखी करते आणि खालच्या आवाजात विचारते, "ताई, ही थोडी कमी होईल ना?" त्यातल्या बहुतेक जणी माझ्याकडे येण्याआधीच काही ना काही करून बसलेल्या असतात. कुणी पट्टा बांधलेला असतो, कुणी जेवण सोडलेलं असतं, कुणी महागडी क्रीम चोळलेली असते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

छातीचा व्यायाम म्हणजे छातीची चरबी जाणार, हा समज

स्तनात स्नायू नसतो. त्यात दुधाच्या ग्रंथी असतात, चरबी असते आणि हे सगळं धरून ठेवणारे तंतू असतात. स्नायू आहे तो त्याच्या मागे, बरगड्यांवर. पुशअप्स, डंबेल प्रेस हे व्यायाम त्या मागच्या स्नायूला बळकट करतात. ते चांगलंच आहे, खांदे सावरतात, ताठ उभं राहता येतं. पण वरची चरबी त्यामुळे वितळत नाही. शरीर चरबी वापरतं ती सगळीकडून थोडी थोडी, आणि आधी कुठली वापरायची हे बरंचसं आईवडिलांकडून आलेल्या ठेवणीवर ठरतं.

ज्या स्तनात चरबीचा वाटा मोठा, तो वजनाबरोबर उतरण्याची शक्यता जास्त. ज्यात ग्रंथींचा वाटा मोठा, तो फारसा हलत नाही. हाताने दाबून हे कळत नाही. मऊ लागलं म्हणजे चरबी आणि घट्ट लागलं म्हणजे ग्रंथी, असा हिशोब नाही. मॅमोग्राफीत मात्र ग्रंथी पांढऱ्या आणि चरबी काळपट दिसते. तरुणपणी साधारणपणे ग्रंथी जास्त असतात, पाळी गेल्यावर त्या आक्रसतात आणि चरबीचा वाटा वाढतो. तरीही बाईगणिक फरक इतका असतो की मैत्रिणीची कमी झाली म्हणजे माझीही होईल, असं गृहीत धरू नका.

घाईने वजन उतरवणं

ही चूक माझी स्वतःची. भावाचं लग्न ठरलं होतं, ब्लाऊज शिवायचे होते आणि मला छाती कमी दिसायला हवी होती. दोन महिने पपई, काकडी आणि पातळ सूप यांवर काढले. नऊ किलो उतरले. छाती उतरली, पण कातडी तेवढ्या वेगाने आवरली नाही, त्यामुळे आधीपेक्षा जास्त ओघळली. केस मुठीने गळायला लागले, एक पाळी आलीच नाही. लग्नानंतर वर्षभरात सगळं वजन परत आलं. गेले होते ते चरबीबरोबर स्नायूही, आणि परत आली ती बहुतेक चरबीच.

आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. यापेक्षा वेगाने जाऊ नका.

आपल्या गोव्याच्या जेवणात मासळी हा दोष नव्हे. बांगड्यात १०० ग्रॅमला १८-२० ग्रॅम प्रथिनं असतात, तिसऱ्यांत (शिंपल्यांत) चरबी अगदी कमी. घोटाळा होतो तो हुमणाबरोबर (माशांच्या आमटीबरोबर) दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्या भातात, रव्यात घोळवून तव्यावर सोडलेल्या तेलात आणि संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू ऐकला की चहाबरोबर येणाऱ्या पावांत. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, मग ते नारळाचं असो की सूर्यफुलाचं. भात बंद करायची गरज नाही. उकड्या तांदळाचा भात एकदाच वाढून घ्या, ताटात तांबडी भाजी (लाल माठ) किंवा दुसरी कुठलीही भाजी भाताइतकी घ्या, मासे आलटून पालटून हुमणात आणि तव्यावर थोड्या तेलात करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ श्रावण येतो, तेव्हा बऱ्याच घरांत ताटातली प्रथिनं एकदम घटतात आणि भूक भातावर भागवली जाते. त्या दिवसांत अळसांदे (चवळी), मूग, दही, चालत असतील तर अंडी, हे ठरवून खा.

चुकीच्या दिवशी टेप लावणं

हे थोडक्यात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तनांत पाणी धरतं, ते जड आणि मोठे होतात. त्या दिवसांत माप घेतलं तर महिनाभराची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. पाळी संपल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत, दर महिन्याला एकदाच माप घ्या.

हिसके बसतात म्हणून व्यायामच सोडणं, आणि चुकीची ब्रा

जड छातीच्या बायका व्यायाम टाळतात याचं कारण आळस नसतो. उड्या मारताना, धावताना स्तन वर-खाली आणि आजूबाजूला दोन्हीकडे हलतात, दुखतं, आणि लोक बघतील ही भीती वेगळीच. मिरामारला सकाळी चालायला जाणारी माझी एक विद्यार्थिनी दोन्ही हात छातीवर घट्ट घडी घालून चालायची. हात हलत नाहीत म्हणून वेगही येत नव्हता.

मी तिची ब्रा तपासली. ४० बी, म्हणजे पट्टा ४० आणि कप बी. खांद्यावर पट्ट्यांनी बोटभर खोल, लालसर चरे पडले होते आणि पाठीमागचा पट्टा खांद्याच्या पात्यांपर्यंत वर सरकला होता. टेप लावली. स्तनांच्या खाली, श्वास सोडून, घट्ट: ३४ इंच. सर्वांत भरलेल्या भागावर, टेप न आवळता: ४० इंच. फरक ६ इंचांचा. साधारण एका इंचाला एक कप, म्हणजे ए, बी, सी, डी आणि त्याच्याही पुढचा. ती इतकी वर्षं भलत्याच मापाची ब्रा घालत होती, कारण दुकानात मोठा कप मिळत नाही म्हणून मोठा पट्टा देतात. जुन्या पद्धतीत खालच्या मापात चार-पाच इंच मिळवायचे, त्यानेही हीच गत होते.

भार पेलायचा असतो तो पाठीच्या पट्ट्याने, खांद्याने नव्हे. पट्टा आडवा सरळ राहायला हवा, त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, आणि दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसेल अशी घ्या, म्हणजे पट्टा सैल पडत गेला की आतल्या हुकांवर जाता येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ढिगातून उचललेली ब्रा स्वस्त पडते, पण घालून बघता येत नाही. मोठ्या मापासाठी घालून बघणं सोडू नका. व्यायामाला दोन्ही स्तन वेगवेगळे धरून ठेवणारी, कप असलेली स्पोर्ट्स ब्रा हवी. नुसती दाबून चपटी करणारी लहान छातीला पुरते.

तिला योग्य माप सापडायला दीड महिना लागला. त्यानंतर ती हात सोडून चालायला लागली.

आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं किंवा सायकल, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, एवढं धरून चला. पोहता येत असेल तर पाण्यात छातीचा भार वाटत नाही. ताकदीत पाठीला जास्त वेळ द्या: रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे ओढणं, भिंतीला हात टेकवून पुशअप्स, दाराच्या चौकटीत हात ठेवून छातीचे स्नायू ताणणं. आकार तसाच राहिला तरी मानेचं आणि पाठीचं दुखणं याने हलकं होतं. वर्गातल्या अनेकींना हवा असतो तो खरं तर हाच आराम.

बांधून ठेवणं

ओढणीने, पोटाच्या पट्ट्याने किंवा दोन मापं लहान ब्राने आवळून ठेवल्याने स्तन लहान होत नाहीत. श्वास अपुरा राहतो, बरगड्या दुखतात, कातडी सोलवटते. सगळ्यांत वाईट वाटतं ते शाळकरी मुलींचं. स्तनांची वाढ सुरू झाल्यापासून पुरी व्हायला काही वर्षं लागतात. त्या वयात मुलीला "भात कमी खा" म्हणणं म्हणजे तिच्या हाडांचं आणि रक्ताचं नुकसान करणं. आयांनो, तिला बरोबर मापाची ब्रा घेऊन द्या आणि दप्तर दोन्ही खांद्यांवर अडकवायला सांगा. वाढ काही महिन्यांत फारच झपाट्याने झाली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तसा एक त्रास असतो आणि तो खाण्यामुळे होत नाही.

क्रीम, चहा आणि ट्यूब

स्तन कमी करण्याचं म्हणून विकलं जाणारं क्रीम, आल्याचा चहा, जवसाची पूड, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप, यांपैकी कशानेही स्तन लहान होत असल्याचा पुरावा नाही. जवस खायला हरकत नाही, पण ती अपेक्षा ठेवून नको.

त्याहून मोठी चूक पावसाळ्यात होते. आपल्या दमट हवेत स्तनांच्या खालच्या घडीत घाम साचतो, कातडी लाल होते, खाज सुटते, बुरशी धरते. मग टाल्कम पावडर थापली जाते, तिचा घामात लगदा होतो. नाहीतर फार्मसीतून तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणली जाते. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट पसरते आणि कातडी पातळ होते. आंघोळीनंतर घडी उचलून पंच्याने टिपून कोरडी करा, पंख्याखाली दोन मिनिटं थांबा, घडीत सुती कापडाची पट्टी ठेवा आणि ओली झाली की बदला. ओलसर ब्रा घालू नका, मग जुलैत दोरीवर कपडे वाळत नसले तर इस्त्री फिरवावी लागली तरी चालेल. आठवड्यात बरं नाही झालं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

सगळंच वजनाच्या खात्यात टाकणं

काही औषधांनीही स्तन वाढतात किंवा दुखतात, त्यांत हार्मोनच्या गोळ्याही आल्या. मनाने गोळ्या बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. पुरुषांची छाती वाढते तेव्हाही हेच: नुसती चरबी असेल तर वजनाबरोबर जाते, ग्रंथी वाढली असेल तर बेंच प्रेसने जात नाही, आणि जिममध्ये घेतलेल्या स्टेरॉइडने ती वाढू शकते.

एकच स्तन वाढला, गाठ लागली, कातडीला खळगा पडला किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, तर आहार-व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासून घ्या. त्यात थांबायचं नाही, लाजायचं नाही.

शस्त्रक्रियेला हार समजणं

वर्षभर नीट खाल्लं, चाललात, वजन काही महिने एका जागी स्थिर आहे, ब्रा बरोबर आहे, आणि तरी मान-खांदे दुखतात, चरे बुजत नाहीत, घडीतली खाज परत परत येते, तर प्लास्टिक सर्जनला भेटा. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. भेटलात म्हणजे शस्त्रक्रिया करायलाच हवी असं नाही. पुढे बाळाला पाजायचं असेल तर ते आधी सांगा, कारण या शस्त्रक्रियेनंतर दुधावर परिणाम होऊ शकतो, बोंडांची संवेदनाही कमी होऊ शकते. जाताना रोजची ब्रा घालून जा, म्हणजे खांद्यावरचे चरे डॉक्टरांना दिसतील. महिन्याच्या वजनाच्या नोंदी आणि घडीतल्या खाजेवर आजवर काय काय लावलं त्याची यादीही बरोबर असू द्या.