काम संपल्यानंतरचे तीस दिवस : जाहिरातीशिवाय छोटा व्यवसाय वाढवताना

एक साधी वही घ्या आणि शेवटच्या वीस गिऱ्हाइकांची नावं एकाखाली एक लिहा. प्रत्येक नावापुढे चार रकाने आखा: कोणाच्या सांगण्यावरून आले, काय काम होतं, ते कधी संपलं आणि त्यांच्याकडून पुढे कोण आलं. पहिला रकाना अंदाजाने भरू नका. माहीत नसेल तर सरळ फोन करा. ‘आमच्याबद्दल तुम्हाला कोणाकडून कळलं होतं?’ या प्रश्नाचं उत्तर लोक आनंदाने देतात.

वही भरत आली की सहसा दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. निम्मी गिऱ्हाइकं त्यांनीच शब्द टाकल्यामुळे आलेली असतात. बाकीच्यांपुढचा चौथा रकाना मात्र कोरा असतो. त्यांचं काम नीट झालं, पैसे मिळाले, माणूस समाधानाने गेला आणि गोष्ट तिथेच संपली. पैसे न घालता व्यवसाय वाढवायचा असेल तर मेहनत या कोऱ्या चौकोनांवर घ्यायची. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. गिऱ्हाईक येईपर्यंत जिवाचं रान करतो, आणि काम हातावेगळं झालं की त्या माणसाला विसरतो.

आधी थोडा हिशोब पाहू, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. समजा वीस गिऱ्हाइकं आहेत आणि दर दहांमागे तीन नवी माणसं येतात. मग वीसांमुळे सहा येतील, सहांमुळे साधारण दोन, आणि पुढे साखळी विझेल. एकूण आकडा २८-२९ वर थांबेल. हेच प्रमाण दहांमागे पाच झालं तर एकूण चाळिसाच्या घरात जातं. म्हणजे प्रमाण तीनवरून पाचवर गेलं की वरची भर नऊवरून वीसवर जाते. यातून दोन गोष्टी कळतात. तोंडी शिफारशीत थोडी सुधारणा झाली तरी फळ मोठं मिळतं. आणि नुसत्या शिफारशीवर व्यवसाय कायम वाढत राहील, असं धरून चालता येत नाही. जुनं गिऱ्हाईक परत यायला हवं, आणि ओळखीबाहेरच्या माणसालाही आपण सापडायला हवं.

दुसऱ्याला सांगता येईल असं काम

शिफारस करणारा माणूस तुमचं माहितीपत्रक घेऊन फिरत नाही. कोणीतरी बोलता बोलता अडचण सांगतं आणि त्याच्या तोंडून तुमचं नाव निघतं. त्या क्षणी त्याला एकच वाक्य आठवणार. ‘सर्व प्रकारची घरगुती उपकरणं दुरुस्त करून मिळतील’ हे वाक्य कोणाच्याही अडचणीला चिकटत नाही. ‘वॉशिंग मशीनमधलं पाणी जात नसेल तर तो एका फेरीत लावून देतो’ हे चिकटतं. बाकीची कामं बंद करायला कोणी सांगत नाही, पण लोकांच्या तोंडी एकच काम बसू द्या. ते बसलंय का, हे तपासायला तीन जुन्या गिऱ्हाइकांना विचारा: ‘आमच्या कामाबद्दल कोणाला सांगायचं झालं तर काय सांगाल?’ तिघांची तीन उत्तरं आली तर तुमचं वाक्य अजून ठरलेलं नाही, असं समजा. उत्तर देताना ते जे शब्द वापरतात ते तसेच टिपून ठेवा. पाटीवर, फोनवर आणि नकाशावरच्या नोंदीत तेच शब्द वापरायचे आहेत.

पहिला दिवस, तिसरा दिवस, तिसावा दिवस

हेच वॉशिंग मशीनचं काम जवळून पाहू. समोरून दार उघडणाऱ्या मशीनमधलं पाणी जात नाही, तेव्हा पुष्कळदा खालच्या पंपाची जाळी तुंबलेली असते. आत नाणं, बटण, केसांचा गुंता किंवा एखादा लहान मोजा सापडतो. कारागीर जाळी साफ करतो, पैसे घेतो आणि निघतो. काम चोख झालं, पण घरच्यांच्या दृष्टीने ‘आला, खाली काहीतरी केलं, गेला’ एवढंच झालं. यात कोणाला सांगण्यासारखं काही नाही.

तेच काम दहा मिनिटं जास्त देऊन असं करता येतं. घरातल्या माणसाला शेजारी बसवायचं. प्लग काढायचा. मशीनमध्ये गरम पाणी असेल तर ते निवू द्यायचं. खालची झडप उघडून पुढ्यात पसरट ताट ठेवायचं. छोटी नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढून घ्यायचं आणि मग झाकण डावीकडे हळूहळू फिरवायचं, कारण एकदम काढलं तर साठलेलं पाणी सगळं जमिनीवर येतं. निघालेला कचरा टाकून देण्याआधी दाखवायचा. झाकण परत घट्ट बसवून, एकदा पाणी भरून आणि सोडून, कुठे गळत नाही ना ते दोघांनी बघायचं. जाताना झडपेच्या आतल्या बाजूला बोटभर चिठ्ठी चिकटवायची: आजची तारीख, ‘जाळी दोन-तीन महिन्यांनी साफ करा’ आणि फोन नंबर.

नवशिक्याला इथे धास्ती वाटते, की गिऱ्हाईकच शिकलं तर आपल्याला बोलावणार कोण? जाळी साफ करण्याचं काम जाईल, हे खरं आहे. पण तो माणूस शेजाऱ्याला जाळी दाखवेल तेव्हा तुमचं नाव घेऊनच दाखवेल, आणि पंप जळेल किंवा दाराचं रबर फाटेल त्या दिवशी झडपेमागचा नंबर त्याच्या डोळ्यांसमोर असेल. कुठलाही व्यवसाय असो, सोपं ज्ञान मोकळ्या हाताने द्या आणि अवघड कामाचे पूर्ण पैसे घ्या. अर्धवट माहिती देऊन गिऱ्हाइकाला अडवून ठेवणाऱ्याची शिफारस कोणी मनापासून करत नाही.

तिसऱ्या दिवशी एकच ओळ पाठवा: ‘मशीन नीट चालतंय ना? काही वेगळं वाटलं तर सांगा, येऊन बघून जातो.’ त्यात दुसरं काही विकू नका, सणाच्या शुभेच्छा जोडू नका. तीन दिवसच का? दुसऱ्या दिवशी अजून वापर झालेला नसतो, आणि आठवड्यानंतर बारीक कुरबूर असेल तर ती मनात घट्ट बसलेली असते. ज्या कामाचा परिणाम उशिरा दिसतो, उदाहरणार्थ हिशोब तपासणी, शिकवणी किंवा भाषांतर, तिथे हा दिवस परिणाम दिसण्याच्या वेळेनुसार पुढे न्या. उत्तरात तक्रार आली तर ती त्याच आठवड्यात, पैसे न घेता मिटवा. मिटलेल्या तक्रारीचा माणूस पुष्कळदा तुमचा सगळ्यात पक्का सांगणारा होतो, कारण त्याच्याकडे सांगायला एक गोष्ट असते.

‘छान चालतंय, थँक यू’ असं उत्तर आलं, की शिफारस मागायची वेळ तीच. काम संपण्याआधी मागितली तर माणूस अवघडतो, महिन्याने मागितली तर उत्साह ओसरलेला असतो. मागताना ‘कोणी असेल तर सांगा’ असं मोघम बोलू नका. त्याने कोणाचाच चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. ‘तुमच्या ओळखीत कोणाच्या मशीनमध्ये पाणी साठून राहत असेल, तर त्यांना आमचा नंबर द्या’ असं म्हटलं की माणूस लगेच आठवायला लागतो. त्याच्याकडून दुसऱ्याचा नंबर मात्र मागू नका, आपला नंबर त्याच्याकरवी जाऊ द्या. न विचारता आलेला फोन कोणालाच आवडत नाही, आणि नंबर देणारा उगाच मध्ये अडकतो.

शिफारशीला बक्षीस किंवा सूट लावावी का? आमचं मत: पहिल्या वर्षात लावू नका. मैत्रीखातर दिलेल्या सल्ल्याला दलालीचा वास लागला की ऐकणारा सावध होतो आणि सांगणाराही संकोचतो. नवा माणूस आला की पाठवणाऱ्याला फोन करून आभार माना. पुढच्या वेळी त्याचं काम आधी घ्या. तेवढं पुरतं.

तिसाव्या दिवशी पुन्हा संपर्क करायचा तो कामाचं काही असेल तरच, म्हणजे राहिलेली तपासणी, बदलायचा भाग किंवा संपत आलेली मुदत. सांगण्यासारखं काही नसेल तर वहीत फक्त बरोबरची खूण करा.

अनोळखी माणसाला सापडणं

यासाठी गूगलवरची व्यवसायाची मोफत नोंद आधी पूर्ण करा. तिथला क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो, हे गूगल स्वतःच सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, अंतर किती आहे आणि व्यवसाय किती परिचित आहे. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीचं बरंचसं आहे. मुख्य प्रकार एकच निवडता येतो, म्हणून तो नेमका निवडा. जोडीला आणखी नऊ प्रकार देता येतात, पण खरोखर जे करता तेवढेच द्या. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात गिऱ्हाइकांकडून टिपलेले ते शब्द वापरा. वेळ चुकीची टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बंद दारापर्यंत आलेला माणूस परत येत नाही, आणि जाता जाता एक तारा देऊन जातो.

अभिप्राय मागायला हरकत नाही, पण पैसे किंवा सूट देऊन ते घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. फक्त खूश गिऱ्हाइकांनाच निवडून विचारणंही बसत नाही. सगळ्यांना सारखंच विचारा. वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी उत्तर लिहा, पण पाठवा दुसऱ्या दिवशी सकाळी. उत्तरात तीन गोष्टी पुरतात: काय चुकलं, काय करणार आहात, बोलायला कोणता नंबर. वाद घालू नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी जास्त असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर घाऊक संदेशांचा मोह टाळा. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच पोहोचतो. बाकीच्यांना एकेक करून न मागितलेले संदेश पाठवत बसलात, तर लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात आणि खात्यावर बंदी येऊ शकते. ज्या नंबरवर सगळी गिऱ्हाइकं आहेत तोच बंद पडणं छोट्या व्यवसायाला झेपत नाही.

शेजारच्या धंद्यांशी नातं

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली. कारण जवळच्या माणसांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं, आणि लांबच्या ओळखी वेगळ्या वर्तुळात वावरतात. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, पण व्यवसायातही हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. घरच्या आणि मित्रांच्या गटात वारंवार तेच सांगण्यापेक्षा, ज्यांच्याकडे तुमच्या आधी किंवा नंतर गिऱ्हाईक जातं अशा दहा व्यावसायिकांची यादी करा. दुरुस्तीवाल्यासाठी नळजोडणी करणारा, वीजतंत्री, सामान हलवणारे. भाषांतरकारासाठी छपाई करणारा, वकील, प्रवासाची कागदपत्रं करून देणारा. पहिल्यांदा भेटाल तेव्हा काम मागू नका. ‘आमच्याकडे तुमच्या कामाची विचारणा होते, कोणत्या प्रकारची कामं पाठवली तर चालतील?’ असं विचारा. मग खरोखर दोन-तीन माणसं पाठवा. आपल्याला न जमणारं काम कोणाकडे जाईल हे ठाऊक असलं की ‘नाही’ म्हणणं सोपं होतं, आणि ज्याला नाही म्हटलं तोही तुमचं नाव लक्षात ठेवतो.

मागे न लागता पाठपुरावा

अंदाजपत्रक देताना काय करणार, काय करणार नाही आणि किती दिवस लागतील, हे तिन्ही लिहून द्या. दुसऱ्या ओळीवरूनच पुढे भांडणं होतात, आणि नेमकी तीच लिहायची राहते. उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी एकदाच विचारा: ‘काही शंका असेल तर सांगा. सध्या विचार नसेल तरी कळवा, म्हणजे यादीतून काढतो.’ नकार द्यायची मोकळीक मिळाली की लोक खरं बोलतात. त्यानंतर गप्प बसा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. शिफारशी वाढल्या की वेळापत्रक काठोकाठ भरतं आणि वायदे चुकायला लागतात. रांगेचं गणित इथे फार निर्दय आहे. काम करणारा एकटा असेल आणि कामं अवेळी, लहानमोठी येत असतील, तर ८० टक्के वेळ भरल्यावर नव्या कामाला सरासरी चार कामांइतकी वाट पाहावी लागते. ९० टक्के भरल्यावर तीच वाट नऊ कामांइतकी होते. म्हणून आठवड्याचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. तिसऱ्या दिवसाचे संदेश, तक्रारी आणि वही त्याच वेळात होतात. सलग दोन महिने तोही वेळ उरत नसेल तर दर वाढवा. नव्या गिऱ्हाइकांना नवा दर लगेच लावा, जुन्यांना महिनाभर आधी सांगून.

महिन्याच्या शेवटी वही उघडून पहिला आणि चौथा रकाना वाचा. एकाच माणसाकडून निम्म्याहून जास्त काम येत असेल तर पुढच्या महिन्यात शेजारच्या धंद्यांच्या यादीतल्या दोघांना भेटा, कारण त्या एकाने गाव बदललं तरी तुमचं निम्मं काम थांबेल. चौथा रकाना सलग तीन महिने कोरा राहिला असेल तर आधी तिसऱ्या दिवसाचे संदेश खरंच गेले होते का, ते तपासा. बहुतेक वेळा ते गेलेले नसतात.