युरोपात प्रो कॉन्ट्रॅक्ट हवंय? मग या चुका टाळा

युरोपात जाऊन फुटबॉल खेळायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, आपली लेव्हल तेवढी आहे का. प्रश्न चूक नाही पण अर्धाच आहे. कोचला तुम्ही आवडलात तरी क्लबला तुम्हाला घेता येतंय का हा उरलेला अर्धा, आणि युरोपियन पासपोर्ट नसलेले बरेच चांगले खेळणारे तिथंच अडकतात, मग घरी येऊन सांगतात की पॉलिटिक्स झालं. कधी कधी असतंही, पण बऱ्याचदा नियम आधीच लिहिलेला असतो, कुणी वाचलेला नसतो.

अख्खा युरोप एकच समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथं जरा जास्त वेळ घालवतो. युरोपियन युनियनच्या बाहेरच्या खेळाडूसाठी प्रत्येक देशाचा हिशोब वेगळा आहे. स्पेनमध्ये ला लिगाच्या क्लबला असे फक्त ३ खेळाडू ठेवता येतात आणि दुसऱ्या डिव्हिजनला २. आता विचार करा, ज्या क्लबकडे दोनच जागा आहेत तो त्यातली एक पुढे कधीतरी तयार होईल अशा पोराला कशाला देईल, त्याला उद्या गोल मारणारा माणूस हवा असतो. इटलीत सेरी आ मधल्या क्लबनी एका सीझनला देशाबाहेरून असे किती आणायचे यावरच मर्यादा आहे. फ्रान्समध्ये लीग वनला ४ जागा, पण आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकमधल्या ज्या देशांचा युरोपियन युनियनशी करार आहे तिथले खेळाडू त्यात मोजत नाहीत, म्हणजे सेनेगलच्या पोराला जो दरवाजा उघडा आहे तो दक्षिण अमेरिकेतल्या पोराला असेलच असं नाही.

जर्मनीत २००६ पासून असा कोटाच नाही हे ऐकून लोक खूष होतात आणि खालच्या लीगच्या क्लबना मेल टाकत सुटतात. कोटा नाही, पण व्हिसासाठी पगाराची अट आहे: तिथं पेन्शन विम्यासाठी पगाराची जी कमाल मर्यादा धरतात तिच्या निम्मा तरी पगार हवा, म्हणजे महिन्याला साधारण ४,००० युरो. चौथ्या पाचव्या लेव्हलचा क्लब बाहेरच्या पोराला एवढा पगार देत नाही, विषय संपला. नेदरलँड्सचं त्याहून कडक आहे, २० च्या पुढचा बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर पगार लीगच्या सरासरीच्या १५० टक्के हवा, १८-१९ वर्षांच्याला ७५ टक्के. आयाक्ससारख्या मोठ्या क्लबला परवडतं, तळाच्या क्लबला कुठून परवडणार.

इंग्लंडचं तर जानेवारी २०२१ पासून, ब्रेक्झिटनंतर, पॉइंट्सवर चालतं. नॅशनल टीमकडून किती मॅच खेळलात, तुमच्या टीमचं फिफा रँकिंग काय, कुठल्या लीगमध्ये किती मिनिटं मिळाली, सगळं मिळून १५ पॉइंट व्हायला हवेत. २०२३ मध्ये पॉइंट न भरणाऱ्या काही मोजक्या खेळाडूंसाठी थोडी सूट आली, पण त्या जागा क्लब जपून वापरतात. जपानच्या मितोमाला इंग्लंडच्या ब्रायटननं २०२१ मध्ये विकत घेतलं आणि आधी बेल्जियमला, युनियन सेंट-झिल्वाझ क्लबला लोनवर, म्हणजे काही काळ उधार, पाठवलं. ब्रायटनचाच इक्वेडोरचा कैसेदोही बेल्जियमच्या बीरस्कॉटला लोनवर जाऊन आला. प्रीमियर लीगचा क्लब स्वतः घेतलेल्या खेळाडूला जर आडवाटेनं आणतो तर आपण सरळ रस्ता धरून बसण्यात अर्थ नाही.

म्हणून आधी कागदावर लिहा, माझा पासपोर्ट, माझं वय, नॅशनल टीमचे सामने, आणि या तिन्हीवर कुठल्या देशात मला रजिस्टर करता येईल. मगच क्लबची यादी. आजी आजोबांमुळे खराखुरा युरोपियन पासपोर्ट मिळण्यासारखा असेल तर ते काम सगळ्यात आधी लावा, वेळ लागतो. आणि खराखुराच बरं का. २००१ च्या इटलीतल्या खोट्या पासपोर्टच्या प्रकरणात इंटर मिलानच्या रेकोबासारख्या स्टारवरही बंदी आली होती, तुमच्यासाठी तर वकीलसुद्धा कुणी देणार नाही.

१८ च्या आधी पळायची घाई

फिफाचा नियम साधा आहे, दुसऱ्या देशात ट्रान्सफर १८ पूर्ण झाल्यावरच. अपवाद आहेत पण थोडे: आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्याच कारणासाठी तिथं राहायला गेले असतील, किंवा युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८ ची ट्रान्सफर, किंवा घर बॉर्डरला अगदी लागून असेल, असे. लगेच कुणीतरी म्हणतं की मेस्सी १३ व्या वर्षी बार्सिलोनाला गेला होता. हो, पण तो गेला २००० मध्ये, आणि हे नियम आले २००१ मध्ये. त्याच बार्सिलोनावर पुढे अल्पवयीन खेळाडूंच्या प्रकरणातच ट्रान्सफर बंदी आली, आणि ताकेफुसा कुबो नावाचा जपानी पोरगा, जो तिथल्या ॲकॅडमीत होता, त्याला २०१५ मध्ये जपानला परत जावं लागलं. तो १८ चा झाल्यावर २०१९ ला स्पेनला परत आला, रियाल माद्रिदकडून. म्हणजे थांबल्यानं करिअर संपत नाही.

जे लोक १५-१६ वर्षांच्या मुलाला "आधी शिकायला जा, तिथं गेल्यावर क्लब बघू" सांगतात त्यांच्यापासून जरा लांबच. पैसे भरून राहायच्या ॲकॅडम्या युरोपात भरपूर आहेत, काही चांगल्याही आहेत, पण ती फी आहे, कॉन्ट्रॅक्ट नाही, हा फरक घरच्यांना स्पष्ट सांगा. जून २०२३ मध्ये उत्तर पोर्तुगालमधल्या एका ॲकॅडमीवर छापा पडला तेव्हा आत डझनावारी परदेशी पोरं सापडली, बरीचशी अल्पवयीन. आणि ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर तर प्रोफेशनल खेळाडू म्हणून काम करायला सरळ मनाई आहे, वय काहीही असो.

एजंट म्हणवणाऱ्याला पैसे देणं

इथं मी अजिबात गोड बोलणार नाही. ट्रायलची फी, इन्व्हिटेशन लेटरची फी, वर्क परमिटची "प्रोसेसिंग" फी, क्लबच्या डॉक्टरची फी, यातलं काहीही मागितलं की बोलणं तिथंच थांबवा. क्लबला खेळाडू हवा असतो तेव्हा पैसे क्लबकडून खेळाडूकडे जातात, उलटे नाही. एजंटचं कमिशन असतं पण ते करार झाल्यावर, पगाराच्या टक्क्यात.

२०२३ पासून फिफाचं लायसन्स पुन्हा सुरू झालंय, एजंटला परीक्षा द्यावी लागते आणि लायसन्स असलेल्यांची यादी फिफाच्या साइटवर कुणालाही बघता येते. नाव शोधा, नाही सापडलं तर विषय बंद. सापडलं तरी करार लेखी हवा आणि दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नको, फिफाचीच मर्यादा आहे ती. कमिशनच्या कमाल मर्यादेवर कोर्टात भांडणं चालू झाली म्हणून "आता सगळे नियमच रद्द झालेत" असं सांगणारे निघालेत, त्यांना लायसन्स दाखवायला सांगा.

क्लबचं पत्र आलं की पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका, क्लबच्या स्वतःच्या साइटवरून नंबर घ्या आणि ऑफिसला विचारा की हे पत्र तुम्ही पाठवलंय का. फुकट्या मेल आयडीवरून आलेलं, खेळाडूचं नाव चुकीचं लिहिलेलं, लोगो फाटलेला असं पत्र हातात घेऊन लोक व्हिसा ऑफिसला जातात, आणि मग खोट्या कागदाचा शिक्का त्यांच्याच फाइलवर बसतो.

व्हिडिओ

थोडक्यात. म्युझिक काढा, स्लो मोशन काढा, तीन-चार मिनिटं पुरे, तुम्ही कोण ते बाण लावून दाखवा आणि सोबत दोन-तीन पूर्ण मॅचची लिंक द्या, कारण स्काउटला बॉल नसताना तुम्ही काय करता ते बघायचं असतं. डिफेंडर असून नुसते गोल दाखवणारे व्हिडिओ येतात, काय बोलणार.

चुकीची वेळ, चुकीचा क्लब

नॉर्वे, स्वीडनचे सीझन साधारण मार्च-एप्रिलला सुरू होतात आणि शरदात संपतात, म्हणजे टीम बांधायचं काम तिथं जानेवारी-फेब्रुवारीत चालतं. तुम्ही ऑगस्टला मेल टाकलात तर ते सीझनच्या मधे असतात, त्यांना तयार माणूस हवा असतो. मोठ्या लीग ऑगस्टच्या आसपास सुरू होतात, त्यांचं उलटं. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू रजिस्टर करायची ठरलेली मुदत, हुकली तरी सगळं गेलं असं नाही, जुना करार विंडो बंद व्हायच्या आधी संपलेला असेल तर फ्री खेळाडूला नंतरही रजिस्टर करता येऊ शकतं, पण तो देश ते करू देतो का ते बघावं लागतं.

क्लब निवडताना नावाच्या मागे जाऊ नका, तिथून पुढे कोण गेलं ते बघा. साडियो माने सेनेगलच्या जनरेशन फूट ॲकॅडमीतून २०११ मध्ये फ्रान्सच्या मेत्सला गेला कारण ती ॲकॅडमी आणि तो क्लब यांचं आधीपासून जमलेलं होतं, मग साल्झबर्ग, मग साउथॅम्प्टन, मग लिव्हरपूल. घानाच्या राइट टू ड्रीम ॲकॅडमीतून मोहम्मद कुदुस डेन्मार्कच्या नॉर्डशेलंडला, तेही १८ चा झाल्यावर. बेल्जियमच्या सिंट-त्रुइडनला २०१७ पासून जपानी कंपनी मालक आहे, आणि तोमियासू, एंडो, कामादा हे जपानी खेळाडू सगळे तिथून पुढे गेले. तुमच्या देशातून अशी एखादी पायवाट आधीच पडलेली असेल तर अनोळखी क्लबना शंभर मेल टाकण्यापेक्षा तिच्या अलीकडच्या टोकाला पोचणं सोपं.

ट्रायलला गेलात आणि अडलं

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, आणि हे सगळ्या शेंगेन देशांचे मिळून, देश बदलला म्हणून मीटर शून्य होत नाही. "अजून एक आठवडा थांब, कोच बघतोय" म्हणत म्हणत मुदत उलटली की पुढचा व्हिसा अवघड, आणि मग कॉन्ट्रॅक्ट आलं तरी उपयोग नाही. इन्शुरन्स नसताना सराव मॅच खेळू नका. घरच्या क्लबशी करार चालू असेल तर त्यांची लेखी परवानगी घेऊनच जा.

ट्रायल छान झाली, सगळे हसून बोलले आणि नंतर फोनच नाही, असं झालं तर एक गोष्ट नक्की तपासा, ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन. हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. २३ वर्षांपर्यंतच्या खेळाडूनं पहिलं प्रो कॉन्ट्रॅक्ट केलं की ज्या क्लबांनी त्याला १२ ते २१ या वयात घडवलं त्यांना नव्या क्लबनं पैसे द्यायचे असतात. युरोपात क्लबच्या कॅटेगरीप्रमाणे (पहिली सगळ्यात महाग, चौथी सगळ्यात स्वस्त) वर्षाला १०,००० पासून ९०,००० युरोपर्यंत. तिसऱ्या कॅटेगरीचा क्लब असेल तर वर्षाला ३०,०००, चार वर्षं धरली तरी १,२०,००० झाले, आणि तुमचा पगार त्याच्या पावपटही नसेल. क्लब हे तोंडावर सांगत नाही, नुसता गप्प होतो. उपाय एकच, जायच्या आधी जुन्या क्लबकडून हा हक्क सोडल्याचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. चौथ्या कॅटेगरीच्या क्लबला हे पैसे द्यावेच लागत नाहीत, तिथं हा अडथळा नाही.

सही करताना आणि नंतर

जी भाषा येत नाही तिच्यातल्या कागदावर सही करू नका, एवढं तरी. पगार टॅक्सच्या आधीचा की हातात येणारा ते लिहून घ्या, घर आणि विमानाचं तिकीट कोण देणार तेही. "मेडिकल पास झाली तर" किंवा "वर्क परमिट मिळालं तर करार लागू" असं कलम असेल तर ते फिफाच्या नियमात बसत नाही, मेडिकल सहीच्या आधी उरकायची असते. पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला द्यायचा नाही, क्लब मॅनेजर कितीही प्रेमानं मागू दे.

पगार थकणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रोनं २०१६ मध्ये जो मोठा सर्व्हे केला त्यात ४१ टक्के खेळाडूंनी पगार उशिरा मिळाल्याचं सांगितलं होतं. अशा वेळी बॅग भरून निघून जाणं ही चूक, कारण मग करार तुम्हीच मोडला असं धरलं जाऊ शकतं. दोन महिन्यांचे पगार थकले की क्लबला लेखी नोटीस द्या, १५ दिवसांची मुदत द्या, तरी पैसे आले नाहीत तर तुम्ही करार सोडू शकता. तिथल्या खेळाडू युनियनला पहिल्या दिवशीच गाठा, परदेशी खेळाडूलाही मदत करतात. फिफाच्या ट्रिब्युनलकडे दावा लावायला खेळाडूला फी नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे सगळे मेसेज, बँकेची स्टेटमेंट आणि कराराची सही केलेली प्रत स्वतःच्या मेलवर ठेवा, क्लबनं दिलेल्या फोनमध्ये नको.