टायफॉईडच्या उपचारातल्या या चुका टाळा

पावसाळा लागला की लॅबच्या खिडकीवर एकच मागणी असते, ‘विडाल करून द्या.’ ताप कालचा. संध्याकाळी कागद हातात येतो: टीओ १:१६०, टीएच १:८० (‘ओ’ आणि ‘एच’ या दोन प्रतिपिंडांचं प्रमाण; दुसरा आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडं जास्त). लगेच घरी फोन जातो, ‘टायफॉईड निघाला.’ खरं तर त्या कागदातून काहीच निघालेलं नसतं.

विडाल ही १८९६ सालची तपासणी. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मोजते. ‘ओ’ प्रतिपिंडं साधारण पहिला आठवडा संपताना दिसू लागतात, ‘एच’ त्यानंतर. मग तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल पॉझिटिव्ह आली, तर ती प्रतिपिंडं या तापाची कशी असतील? ती जुन्या संसर्गाची असू शकतात किंवा दुसऱ्या एखाद्या साल्मोनेलाची, म्हणजे टायफॉईडच्याच कुळातल्या जंतूची. मलेरिया-डेंग्यूतही विडाल खोटी पॉझिटिव्ह येते. आपल्याकडे धडधाकट माणसाच्या रक्तातही १:८० सहज सापडतं. उलट खरा टायफॉईड असलेल्या कित्येकांची विडाल निगेटिव्ह असते. आणि बरं झाल्यावर ‘टायफॉईड गेला का बघू’ म्हणून ती पुन्हा करणं म्हणजे पैसे वाया, कारण प्रतिपिंडं महिनोन्महिने रक्तात राहतात.

यातून होणारा घोळ ठरलेला आहे. ऑगस्टमधला ताप, दुसऱ्या दिवशी विडाल पॉझिटिव्ह, लगेच अँटिबायोटिक. मलेरियाची स्लाइड नाही, डेंग्यूची एनएस-१ ही रक्ततपासणी नाही, प्लेटलेट बघितलेल्या नाहीत. पाचव्या दिवशी ताप झरकन उतरतो. घरचे म्हणतात, गोळी लागू पडली. पण पेशंटचं पोट दुखतंय, उलट्या होताहेत, हातपाय गार आहेत. हा डेंग्यूचा धोक्याचा टप्पा. तो नेमका ताप उतरतानाच सुरू होतो, आणि त्या दिवशी पेशंट हॉस्पिटलमध्ये हवा असताना घरी पेज पीत बसलेला असतो. विडालच्या कागदाने इथे नुसती चूक केली नाही, पुढचा शोधच थांबवला.

कल्चर आधी, गोळी नंतर

यावर उपाय एकच: अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी. ‘आधी गोळी देऊन बघू, नाही उतरला तर कल्चर करू’ हा शॉर्टकट सगळ्यात महागात पडतो. एखाद-दुसऱ्या डोसनेही कल्चरमध्ये जंतू वाढण्याची शक्यता घटते, आणि पुढे औषध लागू पडलं नाही तर कशाने पडेल हे सांगणारा पुरावाच हातात राहत नाही.

रक्त किती घेतलं हे इथे फार महत्त्वाचं. टायफॉईडमध्ये रक्तातले जंतू अगदी विरळ असतात, बहुधा मिलिलिटरमागे एखादा. म्हणून मोठ्या माणसाच्या बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं, लहान मुलाचं २ ते ४ मिली. २ मिली रक्त मोठ्यांच्या बाटलीत टाकून आलेला ‘नो ग्रोथ’ हा रिपोर्ट म्हणायच्या लायकीचा नाही. बाटली लॅबमध्ये जाईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खोलीच्या तापमानाला ठेवायची. जंतू असतील तर मशीन बहुधा पहिल्या दोन दिवसांत इशारा देतं. कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एक-दोन दिवस. नीट केलेलं कल्चरसुद्धा दहातले सहाच पेशंट पकडतं. म्हणून निगेटिव्ह आलं तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार चालू ठेवू शकतात.

चौथ्या दिवशी औषध बदलणं

ही चूक पेशंट, नातेवाईक आणि डॉक्टर तिघं मिळून करतात. सोमवारी सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन सुरू, गुरुवारी ताप १०२, ‘औषध लागू पडत नाही, बदला.’ मग ॲझिथ्रोमायसिन जोडा, त्यावर ओफ्लॉक्सासिन, कुणीतरी मेरोपेनेमसारख्या राखून ठेवायच्या जड औषधापर्यंत जातं. अहो, हा जंतू आपल्या पेशींच्या आत दडून बसतो. योग्य औषध असलं तरी ताप उतरायला ४ ते ६ दिवस, कधी आठवडा लागतो. रोज औषध बदललं तर सातव्या दिवशी ताप कशाने उतरला हे कुणालाच सांगता येत नाही.

दर सहा तासांनी ताप मोजून कागदावर लिहावा. कपाळाला हात लावून नाही, थर्मामीटरने. कालचा वरचा आकडा १०३.५, आज १०२.६, उद्या १०१.८ असेल आणि भूक परतत असेल, तर औषध काम करतंय. आठवड्याने आकडा तिथेच असेल, प्रकृती ढासळत असेल किंवा कल्चरच्या रिपोर्टमध्ये त्या औषधापुढे ‘रेझिस्टंट’ (जंतू दाद देत नाही) आलं असेल, तरच बदल.

औषधांबाबत

ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप घशासाठी ठीक आहे. टायफॉईडला रोज वजनाच्या किलोमागे १० ते २० मिग्रॅ, कमाल १ ग्रॅम, असे ७ दिवस लागतात. सेफ्ट्रियाक्सोन १० ते १४ दिवस. ताप गेला म्हणून पाचव्या दिवशी सोडलं, की दोन-तीन आठवड्यांनी तोच ताप परत दारात.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन अंदाजाने सुरू करायचे दिवस भारतात संपले. बहुतेक जंतू त्यांना आता पुरती दाद देत नाहीत. गंमत म्हणजे १९९० च्या सुमारास निकामी ठरलेली क्लोरॅम्फेनिकॉल, कोट्रायमॉक्सॅझोल ही जुनी औषधं आज पुष्कळ जंतूंवर पुन्हा चालतात. वापर घटला, प्रतिकारही घटला. दुसरीकडे पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. तिथून आलेल्या पेशंटला हे इंजेक्शन अंदाजाने देऊ नये.

रिपोर्टमध्ये जेंटामायसिन, अमिकासिन या अँटिबायोटिकपुढे ‘सेन्सिटिव्ह’ (जंतू दाद देतो) दिसलं तरी फसू नका. काचेच्या बशीत ती जंतू मारतात, पण पेशीच्या आत पुरेशी पोचत नाहीत, म्हणून पेशंटमध्ये चालत नाहीत. चांगली लॅब ती ओळ छापतच नाही.

थोडक्यात बाकीच्या

तापाला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, आतड्यातून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तोंडाने पाणी जात असेल तर ‘ताकदीचं सलाईन’ म्हणजे नुसतं मीठ-साखरेचं पाणी, तेही महाग.

पंधरा दिवस नुसत्या पेजेवर ठेवू नका. वरण-भात, अंडं, दही, मऊ चपाती, जे पचेल ते द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटात एकदम कळ, पोट फळीसारखं कडक, ताप खाली पण नाडी वर, किंवा काळी शी: हे बरं होणं नव्हे. आतड्याला भोक पडलं असेल किंवा रक्तस्राव होत असेल. त्याच तासाला सर्जन गाठा.

लस घ्यायची तर कॉन्जुगेट (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून केलेली), सहा महिन्यांच्या बाळापासून चालते. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ती मोहीम काढून मुलांना दिली होती. पण पॅराटायफॉईडपासून, म्हणजे साल्मोनेलाच्याच दुसऱ्या प्रकाराने येणाऱ्या तशाच तापापासून, ती वाचवत नाही, त्यामुळे ‘लस झालीय, टायफॉईडसारखं काही नसेल’ म्हणून कल्चर टाळू नका.