रोज स्केच करूनही हात बसत नाहीये? या चुका टाळा

मालवणच्या किनाऱ्यावर होडी काढत बसलो होतो, शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका बराच वेळ वहीत डोकावत होते आणि शेवटी म्हणाले, "ह्या होडयेत बसलंय तर बुडतलंय रे मी." तोपर्यंत मी चार महिने रोज एक होडी काढत होतो बरं का. रोज एक होडी आणि रोज तीच चूक.

प्रॅक्टिस कमी नव्हती, बघणंच नव्हतं. होडीचा एक केळ्यासारखा शिक्का आपल्या डोक्यात तयार असतो, समोर काहीही असो आपण तोच उठवत राहतो. माडाचंही तेच, सरळ खांब आणि वर खराट्यासारख्या सहा झावळ्या. खरा माड जरा बघा, खालच्या झावळ्या लोंबतायत, एखादी थेट आपल्याकडे येतेय म्हणून आखूडच दिसतेय, बुंधा तळाशी जाड आणि मग कुठेतरी कलत वर गेलेला. उपाय म्हणून मी दोन गोष्टी करतो. आधी दोन मिनिटं पेन्सिल खाली ठेवून नुसतं बघायचं, आणि झावळ्या काढण्याऐवजी दोन झावळ्यांमधून दिसणारा आभाळाचा तुकडा काढायचा. त्या तुकड्याचा शिक्का डोक्यात नसतो, त्यामुळे झक मारत बघावंच लागतं.

समुद्र काढणारे जवळजवळ सगळे जण क्षितिज कागदाच्या मधोमध ठोकतात आणि मग माणसं कुठेतरी खाली मुंग्यांसारखी पेरतात. क्षितिज कायम आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. सपाट पुळणीवर उभे असाल तर तुमच्याच उंचीचा माणूस दहा पावलांवर असो की दोनशे, क्षितिजाची रेघ त्याच्या डोळ्यांतूनच जाणार, लांबच्याचे फक्त पाय वर सरकतात. रत्नागिरीला थिबा पॉइंटवर चढून बसलात की क्षितिज तुमच्याबरोबर वर येतं आणि खालच्या होड्या, माणसं सगळी रेघेखाली जातात. हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मी चित्रं आपोआप सरळ होतात, मला मात्र हे कुणी वेळेवर सांगितलं नाही.

प्रपोर्शन, म्हणजे आकारांचं एकमेकांशी प्रमाण, चुकतंय? पेन्सिल डोळ्यांसमोर धरून समोरच्या वस्तूचं माप घेताना कोपर वाकलेलं असणार. हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद, दर वेळी तसंच, नाहीतर प्रत्येक माप वेगळं येतं.

आता एक खास आपल्याकडची भानगड. खाडीत नांगरलेली होडी अर्धी काढून चहा प्यायला गेलात आणि परत आलात तर ती कललेली, कारण ओहोटीने ती चिखलात टेकलेली असते. मग उद्या याच वेळेला येऊन पूर्ण करू म्हणाल तर तेही जमत नाही, भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. म्हणून होडीचा कल आणि पाण्याची रेघ पहिल्या पाच मिनिटांत पकडा. सावलीचंही तसंच, आधी तिची कड आखून ठेवा आणि मग ती सरकली तरी तिच्या मागे लागू नका.

डिटेलची घाई हा माझा जुना रोग, चेहरा काढायला घेतला की आधी पापण्या! गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन बघा, आधी अख्खी मूर्ती होते, रंग होतो आणि डोळ्यांची आखणी शेवटाला येते, तीही सरावलेल्या हाताकडे. आपण उलटं करतो आणि मग एक सुंदर डोळा वाकड्या डोक्यात बसवलेला असतो.

खोडरबर महिनाभर घरी ठेवा, बॉलपेनने काढा. चुकलेली रेघ दिसत राहिली की तिच्याशेजारी बरोबर रेघ मारता येते, पुसली की हात परत तिथेच जातो. पावसाळ्यात तर रबर नकोच, हवेतल्या दमटपणाने कागद मऊ पडतो, घासला की पापुद्रे निघतात आणि एचसारखी कडक पेन्सिल नुसती ओरखडते. पेन्सिलच हवी असेल तर मऊ टूबी घ्या, जरा जाड कागद घ्या आणि वही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशीचे ठिपके. माझी एक अख्खी वही अशी गेलीय.

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, पण पानावर तारीख आणि "आज काय चुकलं" एवढी एक ओळ लिहा. माझ्या वहीत लागोपाठ अकरा दिवस "नाळ बुटकी" (नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक) लिहिलेलं आहे, बाराव्या दिवशी लाज वाटून नीट बघितलं.

आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हलत नाहीत, एरवी पाण्याखाली असतो तो भागही दिसतो, फुकटचं मॉडेल. फक्त पावसासाठी झापांनी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांनी, शाकारायच्या आधी गाठा, नंतर नुसता झापांचा ढीग काढत बसाल.