शेतघरी मुक्काम ठरवताना पाण्याची चौकशी आधी करावी
मित्रमंडळींसह शेतघरात दोन दिवस राहायचे ठरले, की खोल्या किती आणि स्वयंपाकाची सोय कशी एवढेच विचारले जाते. परंतु तेथील पाणी बहुधा विहिरीतून किंवा कूपनलिकेतून विजेच्या पंपाने वर चढत असल्यामुळे वीज गेली, की टाकीत साठा असेपर्यंतच नळ चालतात, ही गोष्ट निम्म्या जणांच्या अंघोळी उरलेल्या असताना लक्षात येते. म्हणून पोहोचताच टाकी भरून घ्यावी आणि दोन-तीन बादल्या झाकून बाजूला ठेवाव्यात. पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान १ मिनिट तसेच उकळू द्यावे. शक्यतो उजेडातच पोहोचावे. रात्री दाराबाहेर राहिलेले बूट मात्र सकाळी झटकूनच घालावेत. विंचवाला अशी अंधारी जागा फार सोयीची वाटते.